कोसमनाल्यासाठी केलेली गाडी

लुगडं नेसून मोटारसायकलवर बसलेलं धानाचं पोतं आमच्या गावात सगळ्यात आधी माझ्या आईनं पाहिलं.

ती तळ्यावर कपडे धुऊन पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, परत येत होती. समोरून शेजारचे खेमलालकाका त्यांची उंच गाडी घेऊन आले. मागं एका अंगानं कोणीतरी बाई बसलेली. हिरवं लुगडं, तोंडापर्यंत ओढलेला पदर. आईनंही डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला झाली. घरी येऊन ओल्या कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि मला म्हणाली, "खेमलालभाऊनं बायको आणली वो. पन्नाशी लागली, पण आणली." मग तिनं चहा ठेवला. नवीन बाई शेजारी आली तर रिकाम्या हातानं कसं जायचं, असं तिचं म्हणणं.

आम्ही दोघी चहा घेऊन गेलो तेव्हा काका अंगणात पोत्याचं लुगडं सोडत होते. आई दारातच थांबली.

"या वयनी," काका म्हणाले. "बरोबर बावन्न किलो आहे. टेस्टिंग चालू आहे."

"टेस्टिंग ठीक आहे जी. पण लुगडं कायले नेसवलं?"

"चेनमंदी जाते का नाही, ते पाहाचं होतं."

नव्या बाईसाठी आणलेला चौथा कप उरला होता, तोही काकांनीच प्यायला. लुगडं चेनमध्ये गेलं नव्हतं, म्हणून ते खुशीत होते.

खेमलालकाकांबद्दल काही लिहावं असं मला बरेच दिवस वाटत होतं, पण हात पुढं जात नव्हता. आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजला गेलेली. कोणावर काही लिहायचं तर तो माणूस मोठा असावा लागतो, असं मला वाटायचं. काका काही मोठे नाहीत. चिचगडच्या आसपासच्या पाच-सात गावांतले मोटारपंप, मळणीयंत्रं आणि धानगिरणीचे पट्टे दुरुस्त करतात. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. घरात एकटेच राहतात. ज्या फळीवर दुसऱ्यांच्या घरात पितळेचे डबे असतात, तिथं त्यांच्या घरात नटबोल्टचे डबे आहेत.

त्यांना वेड एकच, टेस्टिंगचं. कोणतीही गोष्ट टेस्टिंग झाल्याशिवाय खरी नाही. नवीन छत्री घेतली तर ती पावसाची वाट पाहत नाहीत. हातपंपाखाली उघडून धरतात आणि दुसऱ्याला हापसायला लावतात. नवीन चप्पल आधी धानाच्या बांधीतल्या चिखलात जाऊन येते, मगच पानठेल्यावर जाते. एकदा माझ्या बाबांनी त्यांना आमच्या दाराची कडी बसवायला बोलावलं. कडी बसवून झाली आणि काकांनी बाबांना बाहेर काढून आतून कडी लावली. "ढकल गा," म्हणाले. बाबांनी ढकललं. कडी टिकली, दाराची चौकट हलली. त्या दिवशी चौकटही नवीन बसवावी लागली.

त्यांचं लग्न का झालं नाही, याचीही गोष्ट आई सांगते. तरुणपणी ते आमगावकडे मुलगी पाहायला गेले होते. ओट्यावर बसले, पाणी आलं, पोहे आले. तेवढ्यात मागच्या विहिरीवरचा मोटारपंप सुरू झाला. काकांनी कान दिला. बशी खाली ठेवली आणि उठून विहिरीकडे गेले. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मुलगा विहिरीत उतरलेला होता. दोन तासांनी काका वर आले, पंप सुधारला होता. घरी आल्यावर त्यांच्या बहिणीनं विचारलं, "पोरगी कशी आहे?" काका म्हणाले, "पोरगी राहून गेली बाई. फुटव्हॉल खराब होता."

ही बहीण म्हणजे फुलवंताआत्या. काकांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. काका लहान असताना त्यांची आई गेली आणि आत्यानंच त्यांना वाढवलं. ते तिला बाई म्हणतात, आणि ती या पन्नाशीच्या माणसाला अजून बाबू म्हणते. तिचं सासर इथून बारा-तेरा किलोमीटरवर, जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे थोड्या घरांच्या वस्तीवर. मधे कोसमनाला.

आता तिजेबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. छत्तीसगड लागून असल्यामुळे आमच्या भागात तीज मोठी असते. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी येते. लग्न झालेल्या बाया त्या दिवशी माहेरी असतात, आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी खाऊन उपास धरतात. पण माहेरी आपल्या पायानं यायचं नाही. बाप किंवा भाऊ न्यायला आला पाहिजे. बाई साठीची होवो की सत्तरीची, भाऊ दारात आला तरच तिची तीज. नाही आला तर कोणी तिला काही बोलत नाही. पण शेजारपाजारच्या सगळ्या बाया ज्या दिवशी पिशव्या घेऊन निघतात, त्या दिवशी घरात बसून राहणं काय असतं, ते बायांनाच माहीत.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते त्या वर्षी काका आपल्या जुन्या, साध्या गाडीनं आत्याला आणायला निघाले. कोसमनाल्याच्या मधोमध इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली. तिथल्या एका गुराख्यानं आणि काकांनी मिळून ती कशीबशी अलीकडे ओढली. चिखलातून ढकलत ते सात किलोमीटर परत आले. पायी पलीकडे जाता आलं असतं. लोक कमरेइतक्या पाण्यातून दोर धरून जातात. पण आत्याचे गुडघे गेलेले. तिला चालवत आणणार कसं? पावसाळ्यात तिकडे बस जात नाही, जीप जात नाही, बैलगाडीही नाल्यात उतरत नाही.

नंतर दिवाळीच्या बाजारात आत्याची सून आईला भेटली. ती म्हणाली की सासूबाई दोन दिवस पिशवी घेऊन ओट्यावर बसून होत्या. जेवायला आत या म्हटलं तर म्हणायच्या, "तो येऊन राहिला असंल. दारात कोणी दिसलं नाही तर त्याले बरं नाही वाटणार." टोल्यावर मोबाईलची रेंज नाही. कळवणार कोण?

आईनं हे काकांना सांगितलं.  दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुनी गाडी विकून टाकली.

नवीन गाडी त्यांनी गोंदियातून आणली. तीही जुनीच, पण डोंगरात आणि जंगलात चालवायची म्हणून विकली जाणारी उंच गाडी. टाकीवर पर्वताचं चित्र. एका कापड व्यापाऱ्याच्या मुलानं ती लडाखला जायचं म्हणून घेतली होती. तो नागझिऱ्याच्या गेटपर्यंत गेला आणि कंबर धरून परत आला. "चाचा, पहाड के लिए बनी है ये," त्यानं काकांना सांगितलं. काकांनी विचारलं, "पहाड ठीक आहे. नाले में जाती क्या?" मुलगा म्हणाला, नाल्यात कोण कशाला जाईल?

गाडीसोबत एक पुस्तिका मिळाली होती, इंग्रजीत. ती घेऊन काका थेट माझ्याकडे आले. गावात सगळ्यांना वाटायचं की मी कॉलेजात जाते म्हणजे मला इंग्रजी येतं. मलाही नाही म्हणायचा धीर नव्हता. मी डिक्शनरी घेऊन बसले. पुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक पानावर काहीतरी करू नका असंच लिहिलेलं होतं. मी भीतभीत एक वाक्य वाचून सांगितलं, "काका, खोल पाण्यात चालवू नका म्हणते."

"किती खोल?"

"ते नाही लिहिलं."

काकांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, मिटली आणि खिशात ठेवली. "कंपनीवाल्याइनं आपला नाला नाही पाह्यला," ते म्हणाले.

हे वाक्य मग वर्षभर चाललं. देवरीच्या मोबाईल दुकानात मेमरी कार्डात व्हिडिओ भरून मिळायचे. काकांनी चिखलात गाड्या चालवणाऱ्या परदेशी लोकांचे व्हिडिओ भरून आणले होते. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते पाहायचे. "हा पाहा," मला दाखवायचे, "पडला. मागं कोणी बसलं नाही, तरी पडला." काही वेळानं म्हणायचे, "याच्याकडे नाला बरा आहे. याइच्या नाल्यात गोटे गोल दिसून राहिले."

त्यांनी त्या गाडीचं काय काय केलं, ते सगळं मला कळलं नाही. जे कळलं ते सांगते. इंजिन हवा ओढतं ते तोंड सीटखाली होतं. पाण्यात गाडी उतरली की तिथून पाणी आत जातं. काकांनी मोटारपंपाचा जाड पाइप जोडून ते तोंड टाकीच्याही वर, हँडलजवळ आणलं. गाडीनं जणू श्वास घ्यायला मान वर काढली होती. सायलेन्सर उचलून मागच्या सीटपर्यंत नेला. इंजिनच्या पोटाखाली मळणीयंत्राच्या जुन्या पत्र्याची ढाल बसवली. हातांना फांद्या लागू नयेत म्हणून तेलाचा प्लास्टिकचा कॅन अर्धा-अर्धा कापून हँडलच्या दोन्ही बाजूंना लावला. एका बाजूला अजून सूर्यफुलाचं फूल दिसतं. टायर गोट्यागोट्यांचे आणले. आणि दगडावर पोट घासू नये म्हणून मागचेपुढचे शॉकअप लांब करून सगळी गाडी एक वीत उंच केली. या उंचीचा त्यांना फार अभिमान होता. कोणी आलं की ते गाडीखाली हात घालून दाखवायचे. एकदा त्यांनी आमची कोंबडी खालून पार करून दाखवली.

एवढं सगळं बदललं, पण दोन गोष्टींना हात लावला नाही. मागच्या चाकाजवळची साडीची जाळी आणि बायांना एका अंगानं बसल्यावर पाय ठेवायची पट्टी. पानठेल्यावरच्या देवचंदभाऊंना हे फार मजेशीर वाटायचं.

"का गा मिस्त्री," ते म्हणायचे, "वाघासारखी गाडी केली अन् मागं साडीची जाळी? व्हिडिओतल्या गोऱ्याच्या गाडीले असते का?"

"गोऱ्याले बहीण न्यायची नसते," काका म्हणायचे.

"अन् हे फूल कायचं?"

"ते कॅनवर आलं. सूर्यफुलाचं तेल होतं."

आत्याचं वजन त्यांनी उन्हाळ्यातच घेऊन ठेवलं होतं. ती चिचगडच्या बाजारात मोहफुलं विकायला आली होती. काकांनी तिला व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं केलं. ती सगळ्या बाजारात ओरडली म्हणे, "मी का मोहफूल आहे? पिशवी तरी काढू दे हातातली." पिशवीसकट बावन्न भरलं. काका म्हणाले, पिशवी तर तिजेलाही असणारच.

म्हणून ते बावन्न किलोचं पोतं. सकाळी मी, आई आणि काका असे तिघं मिळून ते गाडीवर चढवायचो, एका अंगानं बसवायचो, दोरीनं बांधायचो. मग काका तळ्याच्या उथळ बाजूनं पाण्यात उतरायचे, पलीकडून निघायचे, बांध्यांतून, मुरमाच्या उतारावरून फिरून यायचे. पोतं तीनदा पडलं. प्रत्येक वेळी काका थांबून त्याच्याकडे अशा नजरेनं पाहायचे की मला हसता यायचं नाही. चौथ्या दिवशी पोतं पडलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच दोघांना हाताशी घेऊन पोतं चढवलं, मग एकट्यानं त्याला लुगडं नेसवलं, आणि चार दिवस पोतं उचलणाऱ्या आईलाच ती बाई वाटली.

पोळ्याच्या दिवशी दिवसभर पाऊस होता. काका इंच पाडलेला बांबू घेऊन नाल्यावर जाऊन आले. अडीच फूट. तीन फुटांपर्यंत जायचं, त्याच्यावर नाही, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी आठ वाजता ते निघाले. पांढरा शर्ट, दाढी केलेली, आत्यासाठी घेतलेलं नवीन लुगडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधलेलं.

"तीन फुटाच्या वर दिसलं तर परत येजा जी," आई म्हणाली.

"हो वयनी."

"पक्कं?"

"बांबू घेतला ना सोबत."

देवचंदभाऊ ठेला सोडून रस्त्यावर आले होते. ते काही बोलतील असं मला वाटलं, पण ते नुसते म्हणाले, "आरामात जाजो गा."

बाराला परत यायला पाहिजे होते. बारा वाजले. लहान मुलं लाकडी बैल ओढत घरोघर फिरून गेली. एक वाजला, दोन वाजले. आईनं उद्याच्या भाजीची कारली आणून झाकून ठेवली होती, ती पुन्हा पुन्हा झाकण काढून पाहायची, जणू त्यात काही बदल होणार होता. तीन वाजता देवचंदभाऊ येऊन विचारून गेले. माझ्या मनात पाण्याचे वाईट वाईट विचार येत होते, आणि पुस्तिकेतलं ते वाक्य. मी ते नीट जोर देऊन वाचायला पाहिजे होतं, असं वाटत होतं.

चारच्या सुमारास आवाज आला. गाडी पाळीवरून येत होती. काका चिखलानं भरलेले, नुसते डोळे दिसत होते. मागं फुलवंताआत्या, एका हातानं भावाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात उघडी काळी छत्री, पायापासून गुडघ्यापर्यंत ओली. एवढ्या उंच बसली होती की देवचंदभाऊंना मान वर करून रामराम करावा लागला.

गाडी काकांच्या दाराशी थांबली. आम्ही सगळे जमलो. आत्या उतरेना.

"उतरा ना वो," आई म्हणाली.

"उतरवा तर उतरेन," आत्या म्हणाली. "याच्या घरचा ओटा वीतभर आहे. याइच्या ओट्याले लाव बाबू, तो उंच आहे."

काका गाडी वळवून आमच्या ओट्याला लावायला आले. आत्या राणीसारखी ओट्यावर उतरली, छत्री मिटली, आणि बसल्याबसल्या सगळं सांगायला लागली.

"हा आला, तेव्हा साडेदहा वाजले असंल. मी तयारच होते. म्हणते, बाई, बस. मी पाय उचलला. पाय पोचेच ना. म्हटलं, बाबू, ही गाडी आहे का मचाण? शिडी आणली का? हा उभा, खाली मुंडी घालून. सगळा टोला जमा झाला. अन् हा हळूच म्हणते, पोतं तर बसलं होतं."

आईनं तोंडाला पदर लावला.

"मी म्हटलं, कोणतं पोतं? मग सांगावं लागलं त्याले सगळं. लुगडं नेसवलं ते पण सांगतलं. माझे जावई, माझी सून, शेजारचे, सगळे हसून हसून खाली बसले. पोत्याले गुडघे असतात का गा? तीन माणसाइनं उचलून ठेवलं, ते बसलंच असंल. चहा झाला, पुन्हा हसले. पुन्हा चहा झाला. म्हणून उशीर झाला. मग म्हणते, उचलून बसवतो. सुनेच्या समोर मले उचलते. मी म्हटलं, हात नको लावजो. शेवटी ओट्यावरून बसले."

"अन् नाल्यात?" मी विचारलं.

"नाल्यात मी डोळे मिटले. हा समोरून ओरडून राहिला, बाई, पाय वर घे, बाई, पाय वर घे. पाय वर घेता आले असते तर शिडी कायले लागली असती?"

मी काकांकडे पाहिलं. ते गाडीच्या मागच्या चाकाशी वाकले होते. "लुगडं चेनमंदी नाही गेलं," ते म्हणाले, बहुतेक स्वतःशीच.

तीज झाली. त्या तीन-चार दिवसांत काकांचं घर मला ओळखू येत नव्हतं. नटबोल्टचे डबे खालच्या फळीवर गेले. दाराशी सडा पडला. आत्याचं बोलणं भिंतीपलीकडून आम्हाला दिवसभर ऐकू यायचं. हात धू. त्या हातानं भाकर नको घेऊ. हे बनियन आहे का पोचा? काका मोठ्यानं, लहान मुलासारखे, "हो बाई, हो बाई," म्हणायचे. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन व्हिडिओ पाहणारे काका त्या दिवसांत एकदाही आले नाहीत.

आत्याला तिजेनंतर दोन दिवसांनी परत जायचं होतं. सुनेचे दिवस भरत आले होते. काका म्हणाले, परत जाताना अशी फजिती नको, मी गाडीला पायरी करतो. वेल्डिंगचं मशीन त्यांचंच, लोखंडी पट्ट्या घरातच. असलं काम ते एका तासात करतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ही पायरी पहिल्या दिवशी फक्त मोजून झाली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापल्या आणि एक पट्टी अर्ध्या इंचानं चुकली. खेमलालकाकांची पट्टी चुकली, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिसऱ्या दिवशी वेल्डिंग झालं. मग त्यांनी तिला रंग दिला, हिरवा. रंग वाळायला पाहिजे. वाळला तर दुसरा हात द्यायला पाहिजे.

"लोखंडाले रंग कायले?" देवचंदभाऊंनी विचारलं.

"गंजते."

"तुझ्या मळणीयंत्राच्या पत्र्याले कधी दिला नाही रंग."

काका ब्रश घेऊन अगदी बारीक काम करत होते.  आत्या दारात बसून पाहत होती. "हळू दे बाबू," ती म्हणाली. "कोपरा राहिला पाहा."

मग पायरी झाली. तिची टेस्टिंगही झाली. काका चढले, आई चढली, मी चढले. आत्या दोनदा चढून दोनदा उतरली, आणि दोन्ही वेळा काही त्रास झाला नाही. आता करायला काहीच उरलं नाही. टोल्यावरून एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्या हाती सुनेचा निरोपही आला की सगळं ठीक आहे, पण आता या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या बससाठी निघाले तेव्हा गाडी अंगणात तयार उभी होती. कॅरियरला हिरवी पायरी बांधलेली. काका पांढरा शर्ट घालून किक मारत होते. गाडी सुरू होत नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं, आणि मग सरळ उभे राहिले.

"प्लग नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?" आई म्हणाली.

"काल काढून पुसला होता. इथं दगडावर ठेवला होता." त्यांनी दगडाखाली पाहिलं. पायरीखाली पाहिलं. मग अंगणाच्या कडेच्या गवतात वाकले.

आत्या आमच्या ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिची पिशवी जवळ भरून ठेवलेली होती. मी चपला घालायला तिच्या शेजारी बसले, तेव्हा तिच्या पदराला मारलेली गाठ माझ्या गुडघ्याला लागली. आत कडक, बोटाएवढं काहीतरी होतं. गाठीवर ग्रीसचा काळा डाग होता. आत्यानं माझ्याकडे न पाहता पदर आवरून घेतला आणि तांदळातला एक खडा बाहेर टाकला.

काका गवतातून उठले आणि आमच्या ओट्याकडे आले. आत्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. तो डाग त्यांना दिसला नसेल असं मी म्हणू शकत नाही. ग्रीसचा डाग त्यांना दिसणार नाही, तर कोणाला दिसणार?  मग ते परत फिरले आणि गवतात अगदी लांब, जिथं प्लग उडून जाणं शक्यच नव्हतं, तिथं जाऊन वाकले.

"गोंदियावरून आणावा लागंल," ते तिकडूनच म्हणाले. "गणपतीचे दिवस आहेत. दुकान कोणतं उघडं असंल, काही सांगता येत नाही."

"नसंल उघडं," आत्या म्हणाली.

प्लग देवरीतही मिळतो. कॉलेजच्या अगदी समोर दुकान आहे, आणि गणपतीत ते उघडंच असतं. मी रोज त्याच्यासमोर बसमधून उतरते. संध्याकाळी येताना मी घेऊन येऊ शकले असते. मी तोंड उघडलंच होतं, पण आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुस्तकं उचलून बसकडे निघाले.

संध्याकाळी परत आले, तेव्हा काका अजून गवतातच होते. आत्या ओट्यावर बसून त्यांना कुठं पाहायचं राहिलं आहे ते सांगत होती, आणि ती सांगेल तिथं ते जाऊन पाहत होते.